पिठाच्या डब्यातला फोन

मुरादिफ बेगिच हा अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या बेव्हो मिल भागातल्या छोट्या बोस्नियन मशिदीत बांग देणारा माणूस. खिडक्यांच्या कारखान्यात अठ्ठावीस वर्षं काढून गुडघे कामातून गेले होते, आवाज मात्र शाबूत होता. दर डिसेंबरात मशीद नमाजाच्या वेळांची दिनदर्शिका छापे, आणि ती काखेत मारून तो घरोघर वाटत फिरे. प्रत्येक घरी कॉफी. नाही म्हणायची सोय नव्हती, आणि त्याची तशी इच्छाही नव्हती.

मग त्या वेळा दाखवणारं ॲप आलं. मुरादिफला नव्याचा भारी सोस. गल्लीतल्या सोळा म्हाताऱ्यांच्या फोनवर त्याने आपल्या जाड बोटांनी ते बसवून दिलं. फोनने काहीही विचारलं की 'हो' दाबायचं, एवढंच त्याला कळत होतं. जुन्या सोबत्याची विधवा शेम्सावहिनी गल्लीतच एकटी राहायची, तिच्या फोनवर तर सगळ्यात आधी बसवलं.

या वसंतात बातमी आली. ते ॲप माणूस कुठे जातो-येतो ते टिपून एका व्यापाऱ्याला विकत होतं, आणि सरकार त्याच्याकडून ते विकत घेत होतं. न्यायाधीशाचा कागद नाही, काही नाही; बाजारातून बटाटे आणावेत तसं. बाकीच्या म्हाताऱ्यांनी मुरादिफला चार शिव्या घातल्या आणि ॲप काढून टाकलं. शेम्सावहिनींनी फोन बंद केला आणि थेट पिठाच्या डब्यात पुरला.

तिसऱ्या दिवशी त्यांच्या मुलीचा, एल्वेदिनाचा, स्वीडनहून मुरादिफला फोन आला. तिचे दिवस भरले होते. "काका, आईचा फोन लागत नाही. बाळ झालं तर मी सांगू कोणाला?"

ॲपऐवजी वहिनींना वेळा बघायला म्हणून मुरादिफ एक जुनी दिनदर्शिका शोधून, ती घेऊन निघाला. बोस्नियात तो आणि वहिनींचा नवरा हासिब एकाच लाकूड गिरणीत कामाला होते. ब्याण्णव साली, युद्धात, एका सकाळी सर्ब सैनिकांनी गिरणीच्या दारात मुसलमान कामगारांची यादी वाचली आणि त्यांना घेऊन गेले. यादीत दोघांचीही नावं होती. मुरादिफ त्या दिवशी दात काढायला गेला होता. हासिब परत आला नाही. त्या दाताबद्दल मुरादिफ वहिनींशी आजवर एक अक्षर बोलला नव्हता.

वहिनींनी कॉफी ओतली. "फोनचं बोलायला आला असशील तर कॉफी पी आणि घरी जा."

"ते काही ऐकत नाहीत हो, वहिनी. कोण, कुठे, किती वाजता, एवढंच बघतात."

"एवढंच? गिरणीच्या दारातही त्यांना एवढंच हवं होतं, भाऊ."

मुरादिफने स्वतःचा फोन टेबलावर ठेवला. "चूक माझी आहे. एल्वेदिनाकडे माझा नंबर आहे, बाळाची बातमी माझ्या फोनवर येईल. रोज दुपारच्या नमाजानंतर मी इथे येऊन बसणार. यादी करायचीच असेल तर माझं नाव लिहू देत. तेव्हा दात काढायला गेलो म्हणून..."

वहिनींनी साखरेचा खडा त्याच्या बशीत ठेवला. "त्या दाताला मी रोज दुवा देते, गाढवा. तूही गेला असतास तर या घराच्या खिडक्या कोणी बसवल्या असत्या?"

म्हातारा रडला. वहिनींनी त्याला रडू दिलं.

तो रोज येऊ लागला. चौथ्या दिवशी त्याचा फोन वाजला आणि एल्वेदिनाच्या नवऱ्याने सांगितलं, मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत. फोटो पाठवतो म्हणाला.

"माझ्या नातीचा फोटो तुझ्या फोनवर का म्हणून?" असं म्हणत वहिनींनी कोपरापर्यंत हात पिठात घातला. मुरादिफने फुंकून फुंकून फोन साफ केला, चालू केला, ॲप काढून टाकलं. "पण मागचं विकलं गेलं ते गेलं, वहिनी. ते परत येत नाही."

"माहीत आहे," वहिनी म्हणाल्या. त्यांनी फोन तोंडाजवळ धरला आणि ठणठणीत आवाजात सांगितलं, "लिहून घ्या. शेम्सा कादरिच. स्वतःच्या घरी, स्वयंपाकघरात, दुपारी सव्वादोन वाजता. आजी झाली."