खंडेनवमीचं तेल

सॅमसन भिंगारदिवेनं माणूस मारलाय. रायफलच्या दस्त्यानं, दात बर्फात सांडेपर्यंत. श्रीरामपुरात त्या पराक्रमापायी लोक त्याला चहा पाजतात आणि तो मान खाली घालून पितो. मला त्या चहाचा संताप येतो, कारण खरं काय घडलं ते त्यानं मला एकट्याला सांगितलं होतं.

अठरा वर्षांपूर्वी काश्मीरच्या एका उंच चौकीवर तो आणि राहात्याचा बजरंग एकत्र होते. खंडेनवमी आली. बजरंगच्या आईनं, छबूबाईनं, घरच्या करडईच्या तेलाची बाटली पार्सलनं पाठवली होती. त्यांच्या घरी त्या दिवशी विळा-कोयत्याला तेल लावून पुजतात. बजरंगनं रायफल उघडली आणि आतून-बाहेरून तेलानं चोपडली.

फौजेत शिकवणाऱ्या उस्तादांनी तर बजावलं होतं, की असल्या थंडीत हत्यार कोरडं पुसायचं, आत तेल राहिलं की ते गोठतं. सॅमसनला हे आठवलं. पण दुसऱ्याच्या पूजेत चर्चला जाणाऱ्यानं कशाला नाक खुपसावं, म्हणून त्यानं प्रसादाचं खोबरं खाल्लं आणि तो गप्प राहिला.

तिसऱ्या पहाटे तिघं घुसखोर भिंतीवरून आत आले. पहिला बजरंगपासून सहा हातांवर होता. बजरंगनं घोडा दाबला. नुसतं टिक झालं. आतलं तेल मेणासारखं घट्ट झालेलं, पिन गोळीवर जोरात आपटलीच नाही. त्यानं दुसरी गोळी चढवली. पुन्हा टिक. तिसऱ्या खेपेला सुरा त्याच्या गळ्यात गेला.

सॅमसनच्या कोरड्या रायफलनं मागच्या दोघांना आडवं केलं. सुरेवाला बजरंगच्या छातीवर बसलेला, तिथं गोळी घालता येईना. मग दस्ता. एक, दोन, दहा. तो मेल्यावरही सॅमसन मारतच होता. भानावर येऊन त्यानं बजरंगचा गळा दाबून धरला, तेव्हा रक्त हातमोज्यातच गोठत होतं.

छबूबाईला त्यानं एवढंच सांगितलं, की तुमचा लेक लढता लढता गेला. अठरा वर्षं दर दिवाळीला तो तिच्या घरी जेवला. हा भित्रेपणा आहे, असं मी त्याला तोंडावर म्हणालो. तो चिडलासुद्धा नाही.

यंदा बजरंगचा मुलगा रविराज फौजेत लागला आणि त्याला उंचावरच्या चौकीवर जायचा हुकूम आला. नवमीला पंधरा दिवस होते. छबूबाईनं सॅमसनला बोलावलं, मी त्याला मोटारसायकलवर राहात्याला नेलं. तिनं तेलाची बाटली फडक्यात गुंडाळून खोक्यात ठेवली होती. पत्ता तेवढा त्यानं लिहायचा होता.

सॅमसननं पेन उचललं आणि खाली ठेवलं. मग सगळं सांगितलं. टिक, पुन्हा टिक, सुरा. मला तिच्याकडे बघवेना.

छबूबाई कितीतरी वेळ बाटलीवरचं फडकं चापून-चोपून बसवत राहिली.

"माज्याच तेलानं," ती म्हणाली.

"न्हाई माई. मला ठावं हुतं. मी अडवलं न्हाई."

"का?"

"त्याचा देव हुता. मी मधी कसा बोलू?"

तिनं खोक्यातून बाटली काढली आणि मागच्या मोरीत पालथी केली. तेल संपेस्तोवर ती धरून उभी होती. परत येऊन तिनं आपला मोबाईल त्याच्या हातात कोंबला.

"रविराजला लाव," ती म्हणाली. "आन आता मधी बोल."