आधीच उधळलेला गुलाल

समोरच्या घरातल्या ताईनं मला गोलकीपर केलं. हे सगळ्यात आधी लिहून ठेवते, कारण पुढं जे सांगणार आहे त्यातलं किती मला स्वतःला कळलंय याची खात्री नाही. एवढं मात्र पक्कं आहे. ती नसती तर माझ्या शाळेबद्दल सांगण्यासारखं एकच उरलं असतं, की नववीपर्यंत गेले आणि मग सोडली.

आता मी तमिळनाडूतल्या एका गावात राहते. नवऱ्याचं सोनं-चांदी गाळायचं दुकान आहे आणि वर आमच्या दोन खोल्या. इथं येऊन बरीच वर्षं झाली, तरी बाजारात कुणी भराभर तमिळ बोलायला लागलं की मी बावरते. भलत्याच गोष्टीला मान हलवली तर? काहीतरी चुकीचं बोलून बसले तर? अशा वेळी माझे दोन्ही हात आपोआप पुढं येतात, तळवे उघडे, गुडघे जरासे वाकलेले. नवरा हसतो. "कोण बॉल मारतंय तुला?" म्हणतो. त्याला काय सांगू. असं उभं राहायलाही ताईनंच शिकवलं.

आमची गल्ली कोल्हापुरातल्या जुन्या पेठेतली. तोंडाशी तालीम. नावाला कुस्तीची, पण मला आठवतंय तसं तिथं सगळं बोलणं फुटबॉलचं. तालमीच्या संघाची मॅच असली की बायका भाकरी थापता थापता खिडकीतून स्कोअर विचारायच्या. पोरींनी खेळायचं हे मात्र नवीनच होतं. ताई माझ्याहून एका वर्षानं मोठी, दुसऱ्या शाळेत जायची. तिच्या शाळेनं मुलींचा संघ काढला आणि संध्याकाळी सरावाला तिला गोलात उभं राहणारं कुणीतरी हवं होतं. गल्लीत एक कायमचं बंद पडलेलं दुकान होतं. त्याच्या शटरपुढं तिनं मला नेऊन उभं केलं.

"मी मारतो, तू अडव," ती म्हणाली. आमच्याकडं पोरीही असंच बोलतात, मारतो, येतो, जातो.

"लागलं तर?"

"लागलं तर लागलं. रडायचं न्हाय. आणि डोळं मिटायचं तर अजिबात न्हाय."

शटरच्या एका अंगाला, माझ्या डाव्या हाताला, उघडं गटार होतं. उजव्या हाताला दगडी कट्टा. बॉल गटारात गेला की तो काढायचा, नळावर धुवायचा, वर कोपऱ्यावरच्या काकूंची बोलणी खायची. म्हणून ताई कायम कट्ट्याच्या बाजूला मारायची आणि मी कायम उजवीकडं झेपावायची. ते इतकं अंगवळणी पडलं की तिच्या पायातून बॉल सुटायच्या आत मी निघालेली असायची. कोपरं सोलायची, शटर दणदणायचं. तालमीतले आबा, म्हणजे तिथले सगळ्यात जुने, येता-जाता म्हणायचे, "पोरींनो, शटर पाडतायसा व्हय?" पण थांबवलं कधी नाही.

पुढल्या वर्षी आमच्या शाळेनंही संघ काढला. खेळाच्या बाईंनी विचारलं, "गोलात कोण थांबणार?" माझा हात वर गेला. मी वर केला असं म्हणवत नाही, गेला. ताईला सांगितलं तर तिनं पाठीत धपाटाच घातला. "माझ्याच शाळंच्या विरुद्ध खेळणार व्हय गं? भारी!" रागावली की खूश झाली, कळलं नाही.

त्याच वर्षी आईच्या कमरेचं ऑपरेशन झालं. घरात दुसरं बाईमाणूस नव्हतं. वडील शिरोलीला फौंड्रीत, शिफ्ट कधी दिवसाची, कधी रात्रीची. एकदा जेवताना ते ताटाकडंच बघत म्हणाले, "नववी होऊ दे. मग बघू." आमच्या घरात 'मग बघू' म्हणजे काय हे मला ठाऊक होतं. मी वादही घातला नाही. ताईला तेवढं सांगितलं. ती बॉल उचलत म्हणाली, "चल, उभी ऱ्हा."

आणि नेमकं त्याच वर्षी शाळांच्या स्पर्धेत फायनलला आमची शाळा आणि तिची शाळा समोरासमोर आल्या.

शाळेत तर सणच. मोठ्या बाईंनी प्रार्थनेच्या वेळी सांगितलं, उद्या प्रत्येकीनं स्टीलची ताटली आणि चमचा आणायचा, मैदानावर वाजवायला. वर्गातल्या मुली निळ्या रिबिनी बांधून आल्या, कारण आमचा ड्रेस निळा, त्यांचा पिवळा. मधल्या सुट्टीत आमची कॅप्टन डबा उघडून माझ्यासमोर बसली.

"तुझी बहीण हाय तिकडं," ती म्हणाली.

"सख्खी न्हाय ती."

"सख्खीपेक्षा जास्त. रोज संध्याकाळी बघतोय की आम्ही. सोडशील एखादा गोल मायेनं."

सगळ्या हसल्या. मीही हसले. पण मनात भीती शिरली. हरण्याची भीती नव्हती मला. भीती ही, की अगदी चांगला मारलेला गोल जरी झाला, तरी ह्या म्हणणार, सोडला तिनं. माझी ही शेवटची मॅच होती. त्यानंतर मी शाळेत नसणार, खुलासा करायला परत मैदान मिळणार नाही. मागं नाव राहणार ते एवढंच.

त्या संध्याकाळी ताईकडं गेले. "उद्या कसं करायचं?"

"कसं म्हंजे? मी मारणार, तू अडवायचं. दुसरं काय असतंय?" मग म्हणाली, "आणि उद्या मला ताई म्हणू नगंस. नऊ नंबर म्हण."

दुसऱ्या दिवशी मैदानावर बघते तर अख्खी गल्ली हजर. हलगीवाले, दोन्ही हातांत गुलालाच्या पिशव्या घेतलेले आबा, कडेवर पोरं घेतलेल्या बायका. आजवर गल्लीनं मॅचला जायचं म्हणजे आपल्या तालमीच्या बाजूनं ओरडायचं, एवढंच ठाऊक. आज आपली एक पोर इकडं, एक तिकडं. हलगीवाल्यानं विचारलं, "आबा, वाजवू कुणासाठी?"

"आपल्यासाठी वाजव की!"

"आपली कुठली?"

"दोन्ही आपल्याच हायत्या. वाजव तू!"

उभं कुठं राहायचं यावरही बराच घोळ झाला. शेवटी सगळे माझ्या गोलच्या मागं येऊन थांबले. का, तर तिथनं दोन्ही पोरी दिसतात, एक पाठमोरी आणि एक तोंडानं. मध्यंतरानंतर बाजू बदलल्या तर हलगीसकट सगळी वरात मैदानाला वळसा घालून पलीकडच्या गोलमागं आली. ताईनं बॉल मारला की जल्लोष, मी अडवला की तेवढाच जल्लोष. आमच्या शाळेच्या मुली ताटल्या हातात धरून मागं वळून बघायच्या. ही माणसं नक्की कुणाची, त्यांना समजेना. खरं सांगायचं तर मलाही समजेना. पाठीमागनं माझ्या नावाची आरोळी यायची आणि लगेच तिच्या नावाची. कान कुणाकडं द्यावा?

वडील शिफ्टवरून परस्पर आले, अंगावर फौंड्रीची काळी वाळू तशीच. खेळाच्या बाईंनी त्यांना आमच्या बाजूला बोलावलं, ताईच्या वडलांनी पिवळ्या बाजूला. त्यांनी दोघांकडं बघून हात जोडले. "मी मधीच थांबतो," म्हणाले आणि मधल्या रेषेजवळ जाऊन खरंच उभे राहिले.

आमचा एक गोल झाला होता, कॅप्टनचा. संपायला आलं होतं. मोठ्या बाई घड्याळ बघत होत्या. आणि आमच्याच एकीच्या हाताला बॉल लागला, गोलजवळ. पंचांनी शिट्टी वाजवली. पेनल्टी. मारायला कोण येणार हे विचारायलाच नको.

कॅप्टन माझ्याजवळ आली. ओरडली नाही. माझ्याकडं बघून फक्त म्हणाली, "बघ हां."

ताईनं बॉल ठेवला. तिचा चेहरा मला ओळखीचा वाटेना. रोज शटरपुढं हसत मारणारी, आज ओठ घट्ट मिटलेले. पंचांची शिट्टी झाली. ती पळत निघाली आणि नेमकं तेव्हाच मागनं आबांचा आवाज आला, "गोल झाला तरी आपला, अडला तरी आपलाच! मग थांबायचं कशाला?"

आणि गुलाल उधळला.

एक मूठ नाही, पिशव्याच्या पिशव्या. वारा पाठीमागचा. माझ्या डोक्यावरनं तो गुलाबी ढग पुढं गेला आणि ताईच्या आणि माझ्या मध्ये उतरला. मला ती दिसेना. बॉल दिसेना. शरीर मात्र उजवीकडं निघालं होतं, कट्ट्याच्या बाजूला. मनगटाला दणका बसला. पडले, तोंडात माती आणि गुलाल. डोळे मिटले नव्हते एवढं नक्की, कारण ते भयंकर झोंबत होते. काय झालं ते मला ताटल्यांच्या आवाजावरून कळलं. बॉल बाहेर गेला होता. कॅप्टन येऊन माझ्या अंगावर पडली, मग दुसरी, मग तिसरी.

तेवढ्यात पिवळ्या संघाचे सर पळत आले. "हे चालणार नाही! गुलालात मुलीला काही दिसलं नाही. पेनल्टी परत घ्या!"

त्यांचं बरोबरच होतं. पंच मागं वळून आमच्या गल्लीकडं बघायला लागले. हलगी बंद पडली. आबा रिकामी पिशवी पाठीमागं लपवून उभे, शाळेतल्या पोरासारखे. अंगावरच्या मुली एकेक करून उठल्या. परत मारली तर ती शांतपणे मारणार. आणि गोल झाला तर...

पंचांनी ताईला जवळ बोलावलं. "तुला मारताना समोरचं दिसत होतं का? खरं सांग."

तिच्या पापण्या गुलाबी झाल्या होत्या. मनगटाच्या मागच्या बाजूनं ती एक डोळा चोळत होती. तिनं माझ्याकडं पाहिलं का? मला वाटतं पाहिलं. पण माझेच डोळे पाण्यानं भरलेले, खात्रीनं कसं सांगू?

"दिसत होतं, सर."

"अगं, डोळे चोळतेस तू!" तिचे सर म्हणाले.

"ते आत्ता, सर. मारताना दिसत होतं."

पंचांनी मान हलवली, पेनल्टी परत घेतली नाही. थोड्या वेळानं शेवटची शिट्टी झाली आणि आमची शाळा जिंकली. मुलींनी मला उचललं. तेवढ्यात तालमीच्या माणसांनी ताईलाही उचललं, हरलेल्या संघातून, आणि पुन्हा हलगी. पिवळ्या शाळेतल्या मुली रडता रडता बघत राहिल्या. वडील अजून मधल्या रेषेवरच होते. आधी कुणाकडं जायचं ते त्यांचं ठरत नव्हतं.

मग गल्लीत परतल्यावर रीतीप्रमाणं दूध. कट्ट्यावर समोर म्हैस पिळून फेसाळतं दूध द्यायचे, तालमीच्या खेळाडूंना देतात तसं. पोरींना पहिल्यांदाच. ताई आणि मी शेजारी बसलो होतो. गुलाल गळून दुधाचा रंग बदलला होता.

"खरंच दिसत होतं?" मी विचारलं.

"दूध पी."

"ताई, सांग की."

"पी की गं गप! माशी पडंल."

त्यानंतर कितीदा विचारलं, तिनं दरवेळी काहीतरी खायलाच दिलं.

दिसत असलं, तर तिनं कट्ट्याच्या बाजूला का मारला? मी कुठं झेपावणार हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? मैदानावर कुठलं आलंय गटार? तिच्या शाळेतली एक मुलगी नंतर मला म्हणाली, सरावाला ती दोन्हीकडं मारते. मग? की पायाला सवय, डोकं काही म्हणो? आणि दिसत नसलं, तर तसं सांगायला काय झालं होतं? शाळेत तिला किती ऐकून घ्यावं लागलं असेल. माझी शेवटची मॅच आहे हे खेळणाऱ्या पोरींत तिला एकटीलाच माहीत होतं. हे आठवलं की वाटतं, मग तो बॉल मी अडवलाच नाही की काय. लगेच मनगट आठवतं. चांगलं सुजलं होतं. अडवला तर होता मी. पण कुणाच्या जिवावर, ते काही उलगडत नाही.

नववीचा निकाल लागला आणि मी शाळा सोडली. दाखला आणायला गेले तेव्हा खेळाच्या बाई शिक्षकांच्या खोलीतून बाहेर आल्या आणि आतल्यांना म्हणाल्या, "ही आमची गोलकीपर." दारात कॅप्टनही उभी होती. मी वाट बघत होते, ती आता काहीतरी टोमणा मारेल. तिनं माझं मनगट धरून दाबलं फक्त. 'सोडला तिनं' असं कुणी म्हटलं नाही. बाईंचे ते दोन शब्द घेऊन मी इतक्या लांब आलेय. इथल्या बाजारात कुणी भराभर बोलायला लागलं की तेच मनात म्हणते, आमची गोलकीपर, आणि पाय जरा जमिनीवर टिकतात.

ताईचं सासर कोल्हापुरातच, दोन गल्ल्या सोडून. परवा माहेरी आल्यावर तिनं व्हिडिओ कॉल केला. फोन तिनं शटरकडं फिरवला. ते अजून तिथंच, अजून बंद. गटारावर मात्र आता फरश्या बसवल्यात. त्यावर तिची लेक उभी, तिच्याएवढाच बॉल घेऊन.

"मावशी, गोलात कोणच न्हाय," ती म्हणाली.

"मी हाय ना," मागनं ताई म्हणाली.

"तू सारखी स्वयंपाकाला जातीस!"

ताई, हे तू वाचशील की नाही माहीत नाही. वाचलंस तर पुन्हा खायला काढू नकोस. एक दिवस मी तिकडं येऊन राहणार आहे, पाहुणी म्हणून चार दिवस नव्हे, चांगले बरेच दिवस. रोज संध्याकाळी त्या शटरपुढं उभी राहणार, तुझी लेक दमेपर्यंत. आता गटार झाकलंय, तिला दोन्ही बाजूंना मारता येईल. आणि कुठल्या बाजूला येणार ते मला आधी कळणार नाही. तरी डोळे उघडे ठेवीन.