जित्या माणसाचं कार्ड
स्पिरिटचा वास आला की ऐंशीच्या दशकातला गडचांदूरकडचा कामगारांचा विमा दवाखाना आठवतो. मी तिथं नवा डॉक्टर होतो. सिमेंट कारखान्यातला एक कामगार तापानं फणफणलेल्या बायकोला घेऊन आला, पण विम्याचं कार्ड घरीच ठेवून. म्हणाला, "विम्याचं कार्ड तं माणूस मेल्यावर काढतेत. बायको जित्ती हाये नं!" मी वैतागून त्याला परत पाठवणार, तोच आमच्या नर्सबाई स्वतःचं कार्ड टेबलावर ठेवून पेशंटच्या स्टुलावर बसल्या. "साहेब, आधी मले तपासा." मी त्यांची नाडी पाहिली. त्या सगळ्यांदेखत कडू मिक्श्चर घटाघटा प्यायल्या. "पाह्य भाऊ, कार्ड काढून मेली का मी?" तो कार्ड आणायला धावत सुटला. "आता तो येईपर्यंत बाईले सुई द्या," त्या मला म्हणाल्या. आजही कुणी पेशंट कागद काढताना कचरला, की मी खुर्ची सोडून त्याच्याशेजारी स्टुलावर जाऊन बसतो.