अर्ध्या ड्रममध्ये सोडलेली नळी

पाणी वाचवा म्हणून दुसऱ्याला सांगत फिरणाऱ्या माणसांची मला शिसारी येते. त्यांच्यात मी पहिला बसतो, म्हणून ती जरा जास्तच येते. लातुरात नळाची वाट पाहण्यात माझं निम्मं आयुष्य गेलं. त्यानं माणूस शहाणा होत नाही, फक्त तोंडाळ होतो. बायको भांडी विसळत असली की मी मागून जाऊन नळ बारीक करतो. आई भोकरजवळच्या गावाकडून कायमची राहायला आली, तेव्हा पहिल्याच दिवशी मी तिला बादली किती भरायची ते शिकवलं. जन्मभर विहिरीवरून पाणी वाहिलेल्या बाईला!

एका रविवारी मला युक्ती सुचली. वॉशिंग मशीनचं सांडपाणी मोरीत वाया जातं, ते फरशी पुसायला धरावं. मशीन बाथरूमच्या दाराबाहेर असतं. त्याची सांडपाण्याची नळी आत भिंतीवर, उंच खिळ्याला अडकवलेली होती. मी ती काढली आणि गुडघ्याएवढ्या, अर्ध्या कापलेल्या निळ्या ड्रममध्ये सोडली. ती इतक्या उंच कशासाठी अडकवली असेल, हा प्रश्न माझ्यासारख्याला पडत नाही.

सोमवारी आम्ही दोघं कामावर गेल्यावर आईनं, सुनेनं दाखवलं होतं तसं, कपडे टाकून बटण दाबलं. दुपारी तिचा फोन आला.

"अरे, हे धुऊन न्हाई राहिलं, नुसतं पिऊन राहिलंय. थांबंना!"

"कशालाही हात लावू नकोस, मी येतो," मी साहेबी आवाजात सांगितलं.

तिनं हात लावला नाही. मी पोचेपर्यंत गच्चीवरची टाकी रिकामी झाली होती, आणि नळाला पाणी यायला अजून बरेच दिवस होते. बाथरूममध्ये ड्रम काठोकाठ भरलेला दिसला, तेव्हा त्या गोंधळातही मी मनात खूश झालो. युक्ती चालली होती.

"आई, कुठलं बटण दाबलंस?" पोराला विचारतात तशा गोड आवाजात मी विचारलं.

"दावलं तेच."

"नीट आठव."

नांदेडला माझा मेहुणा असतो. त्याला प्रत्येक यंत्रातलं कळतं, म्हणजे तो प्रत्येक यंत्राबद्दल बोलतो. त्याला व्हिडिओ कॉल लावला.

"दाजी, इतक्या दिवसांनी पाणी दिसल्यावर तुमच्या लातूरचं मशीन तरी कशाला थांबंल?" आधी त्यानं पोटभर हसून घेतलं. मग निदान केलं. पाणी आत सोडणारा व्हॉल्व्ह अडकला असेल, नाहीतर बोर्ड गेला असेल. शेवटी म्हणाला, "म्हाताऱ्या माणसाच्या हातात देताच कशाला? लावली असतील कुठंतरी बोटं."

आई समोरच मेथी निवडत बसली होती. मी स्पीकर बंद केला नाही. "हो, तसंच झालं असेल," म्हणालो.

संध्याकाळी तिनं पिशवी काढली. "सकाळच्या गाडीनं जाते म्या. तुमच्या घरात हात कुटं ठिवावा तेच कळंना." बायको तिची समजूत घालत राहिली. गावाकडच्या घराला कुलूप होतं आणि तिथं तिचं करायला कुणी नव्हतं, हे मला ठाऊक होतं. तरी मी टीव्ही बघत बसलो.

सकाळी टँकर आला, टाकीत पाणी पडलं. मेहुण्याचा व्हॉल्व्ह खोटा पाडायचा म्हणून मी मशीन लावलं आणि पाणी भरत असतानाच प्लग काढला. भरणं थांबलं. व्हॉल्व्ह शाबूत होता. पण मशीन बंद असूनही बाथरूममधून धार ऐकू येत होती. आत जाऊन पाहिलं, तर नळीतून पाणी ड्रममध्ये पडत होतं आणि ड्रमवरून मोरीत सांडत होतं. नळी उंच धरली. धार थांबली. पुन्हा खाली केली, सुरू. मशीनमध्ये वरून येणारं पाणी खालून आपोआप निघून जात होतं. मग भरल्याचं त्याला कळणार कधी?

मी नळी खिळ्याला अडकवली. मशीन भरलं, थांबलं आणि फिरू लागलं. बायको धावत आली.

"अहो, झालं? काय होतं?"

"नळी खाली पडली होती."

"आईंचा धक्का लागला असेल का?"

मी गप्प बसलो. इतका हलका माणूस मी दुसरा पाहिलेला नाही, आणि आमच्या ऑफिसात तसे बरेच आहेत.

तेवढ्यात आई पिशवी घेऊन आली. "किल्ली दे गावाकडची."

किल्ली माझ्याकडेच असायची. कपाटातून काढली, पण तिच्या हातावर ठेवता येईना.

"नळी पडली नव्हती, आई. ड्रममध्ये मीच सोडली होती. पाणी वाचवायला."

बायकोनं माझ्याकडे पाहिलं, ते मी अजून विसरलेलो नाही. आई मात्र सावकाश बोलली.

"म्हंजी काल दिवसभर म्या चोर, अन् चोरी तुझी?"

"हो."

"लातूरचं पाणी कुटं जातंय ते आज कळलं मला. असले वाचवणारे बसलेत घरोघर."

तिनं पिशवी पुन्हा खोलीत नेऊन ठेवली. माफ केल्याचं काही म्हणाली नाही. किल्ली मात्र माझ्या हातातून घेतली. ती आता तिच्या कमरेला असते.

त्या दिवसापासून ती आपलं लुगडं बादलीत हातानं धुते आणि न पिळता, निथळतं, माझ्या वाळत आलेल्या शर्टांच्या वरच्या दोरीवर टाकते. बायको म्हणाली, "आई, मशीन आहे की."

"हाय न," ती म्हणाली. "मालकाचे धू त्यात."