गाडीले दम लागते

गुरुवारी धम्मदीपची जीप नाल्याच्या चढावर बंद पडली. आत त्याची आई होती.

रुखमाबाई बुलढाण्याहून डायलिसिस करून परत येत होत्या. मशीनवरून उठलेल्या माणसाला फार चालवत नाही. धम्मदीपने आईला पाठुंगळी घेतलं आणि वस्तीपर्यंत चढला. घरी पोचल्यावर त्याने मला फोन केला.

"गाडी गेली बे, विहंग."

पुढचं डायलिसिस सोमवारी होतं.

धम्मदीप माझा कॉलेजातला मित्र. आम्ही दोघांनी मराठी घेऊन बी.ए. केलं. मी पुढे एम.ए.ला गेलो. त्याचे वडील किसनराव त्याच उन्हाळ्यात वारले आणि त्यांची जीप त्याच्या हाती आली. सरकारी लिलावातली जुनी डिझेल जीप. गिअरशेजारचा छोटा दांडा ओढला की चारही चाकं जोर लावतात. त्यांच्या वस्तीला अशीच गाडी लागते. धाड गावाच्या पुढे डांबरी रस्ता नाल्यापाशी संपतो. नाल्यात दगडगोटे, आणि दोन्ही काठांना उभा चढ. एसटी अलीकडेच थांबते. ॲम्ब्युलन्सही अलीकडेच थांबते.

बाजाराच्या दिवशी धम्मदीप सगळ्या वस्तीला धाडला नेतो. एरवी पोती, सिमेंट, शाळेचा तांदूळ, कधी लग्नाची मंडळी. पण आईच्या किडन्या गेल्यापासून सोमवार आणि गुरुवार तो कुणाला देत नाही. एकदा ऐन लग्नसराईत नवरदेवाचा बाप हात जोडून उभा होता. धम्मदीप म्हणाला, "सोमवार सोडून बोला काका. नाईतर नवरदेव खांद्यावर न्या." लोक चिडतात, आणि मंगळवारी पुन्हा त्याच्याकडेच येतात.

मशीन चुकलं तर काय होतं, ते त्याने एकदा पाहिलं आहे. मागच्या पावसाळ्यात नाला भरून वाहत होता. अंगातलं पाणी बाहेर पडायला वाट नव्हती. आधी रुखमाबाईंचे पाय सुजले. मग पाणी छातीत चढलं. त्यांना आडवं होता येईना. उशी पोटाशी धरून त्या बसून राहिल्या, आणि तो त्यांच्या समोर. तेव्हाचं तो कधी सांगत नाही. मला हे रुखमाबाईंनीच सांगितलं.

रविवारी सकाळी मी वस्तीवर पोचलो. रंगराव मिस्त्री आधीच आले होते. ते धाडचे. किसनरावांच्या काळापासून ही जीप तेच बघतात. बोनेट उघडं होतं. इंजिन चालू होतं आणि अगदी सरळ चालत होतं. मला तर त्यात काही खोट दिसेना.

"जय भीम, मावशी," मी म्हणालो.

रुखमाबाई लिंबाखाली बाजेवर बसल्या होत्या. पायांवर सूज दिसत होती.

"जय भीम, बाबू. बस. आज इथं दोन पेशंट हायेत."

रंगरावांनी पान्याने, सिलिंडरला डिझेल पोचवणाऱ्या नोझलच्या नळीचं एक नट सैल केलं. इंजिन लंगडायला लागलं. नट आवळलं, इंजिन सुधारलं. मग दुसऱ्या नळीचं. मग तिसऱ्या. ज्या नळीचं नट सैल करूनही आवाज बदलत नाही, तो सिलिंडर मेलेला, असं त्यांनी मला सांगितलं. चारही नळ्यांना आवाज बदलला.

"चारही बोलतात. नोझल चांगले हायेत," रंगराव म्हणाले. "पोरा, तुही गाडी घरी लई शहाणी हाय."

"घरी शहाणीच हाय काका. चढावर झटके मारते. मिस करते, काळा-पांढरा धूर फेकते, अन् बसते. हातपंप मारला का पुन्हा चालू. गुरुवारी मायले घरी ठेवून आलो, तवा बी तशीच चालू झाली."

"म्हंजे हवा घेऊन राह्यली."

डिझेलच्या नळीत कुठून तरी हवा शिरते आणि इंजिनला डिझेलऐवजी बुडबुडा मिळतो, असा त्याचा अर्थ. इंजिनाजवळचा छोटा हातपंप दाबला की डिझेल पुन्हा पुढे सरकतं. बारीक चीर असली तरी पुरे. डिझेल बाहेर गळत नाही, हवा मात्र आत जाते. त्यामुळे ती चीर डोळ्याला दिसत नाही.

मग हवा शोधणं सुरू झालं. रंगरावांनी फिल्टर बदलला. वायसर बदलले. टाकीकडून येणारी रबरी नळी काढून नवी बसवली. धम्मदीप जीपखाली आडवा होऊन प्रत्येक जोडावर बोट फिरवत होता. मधेच तो बाहेर यायचा, आईच्या पायांकडे बघायचा आणि पुन्हा आत जायचा. त्याने सकाळपासून काही खाल्लं नव्हतं.

"चला, पाहू," रंगराव म्हणाले.

आम्ही तिघं नाल्यात उतरलो. पलीकडचा चढ चढून डांबरी रस्त्याला लागलो, थोडं पुढे गेलो, वळलो. धम्मदीप मान एका बाजूला कलती करून ऐकत होता. मीही ऐकू लागलो. आवाज एकसारखा होता, आणि तरी प्रत्येक क्षणी तो आता तुटेल असं वाटत होतं.

परतताना वस्तीकडच्या चढावर तो तुटला. एक झटका. मग दुसरा. जीप खोकल्यासारखी हलली, पांढरा धूर सोडला आणि थांबली. धम्मदीपने हँडब्रेक ओढला. 

रंगराव उतरून बोनेटकडे गेले. धम्मदीप आपल्या बाजूने उतरला. या जीपची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली असते. त्याने टाकीचं झाकण फिरवलं आणि आत काडी घालून डिझेल पाहिलं. झाकण निघताना 'सूं' असा आवाज आला. मला वाटलं, असाच येत असेल.

"डिझेल भरपूर हाय," तो ओरडला.

रंगरावांनी हातपंप मारला. जीप सुरू झाली, आणि जणू काहीच घडलं नाही अशी घरी आली.

रंगरावांनी हात पुसले.  मग म्हणाले, "आता इंजिनचा मोठा डिझेल पंपच काढा लागते. खामगावले न्यावा लागन. आज रविवार हाय. दोन-तीन दिवस पकड."

धम्मदीप मटकन ओट्यावर बसला.

"अन् उद्या?"

"उद्याचं मी काय सांगू, लेका?"

"चार माणसं करतो. बाजेवर नेतो माय तुले. नाल्यापलीकडून दुसरी गाडी घेऊ."

"मले बाजेवर न्यायची घाई झाली का तुले?" रुखमाबाई म्हणाल्या. "अजून जित्ती हाय मी."

तो हसला नाही. त्या बाजेवरून थोड्या पुढे सरकल्या.

"रंगराव भाऊ, तुम्ही लय तपासलं. पण तिले इचारलं का काही?"

"कोणाले, वहिनी?"

"गाडीले. मले डॉक्टर पह्यले तेच इचारते. बसल्यावर दम लागते का चालल्यावर? काय केल्यानं बरं वाटते?"

"तिले दम चालल्यावरच लागते," रंगराव म्हणाले. "हातपंपानं बरं वाटते."

"निस्त्या हातपंपानं? धम्मा, बंद पडली का तू काय काय करतो? पह्यल्यापासून सांग. मले डॉक्टर एक घोट पाण्याचाबी हिशोब इचारते. काही गाळू नको."

धम्मदीप वैतागला. "काय करतो म्हंजे? उतरतो. झाकण उघडून डिझेल पाह्यतो. मंग बोनेट उघडतो. मंग पंप मारतो."

रंगराव पान्यांची पिशवी बांधत होते. त्यांचा हात थांबला.

"झाकण उघडतो? दरखेपी?"

"हाव. डिझेलचा काटा बंद हाय ना."

"पह्यले झाकण, मंग पंप?"

"हाव ना, काका."

मला तो 'सूं' आठवला. मी सांगितलं. रंगरावांनी माझ्याकडे पाहिलं आणि ते जीपकडे गेले. झाकण काढून त्यांनी उन्हात धरलं. नखाने खरवडलं.

"याले भोक असते. हे कोणं बुजवलं?"

धम्मदीप ओट्यावरून उठला होता. तो तसाच उभा राहिला.

"मी," तो म्हणाला.

"काऊन?"

"मायले डिझेलचा वास लागे. येताना उलट्या होत. तिच्या अंगात तेवढी ताकद नसते काका, उलट्या कराची. वास त्या भोकातून येते हे मले समजलं. मंग बुधवारी, पाण्याच्या टाकीची चीर बुजवतात ते सील भोकात भरलं. वास बंद झाला."

"वास बंद झाला. अन् टाकीत हवा जानं बी बंद झालं." रंगराव ओरडलेच. "अबे, डिझेल खाली जाते त्याच्या जागी हवा नको? आपन सकाळपासून पाहून राह्यलो का हवा कुठून शिरते. अन् इथं शिरूनच नाई राह्यली! नाक दाबलं बे तू तिचं! घरी उभी असते तवा थोडं थोडं पिते, चालून जाते. चढावर ओढ लागली का टाकीच डिझेल सोडत नाई. तू झाकण उघडलं का ती श्वास घेते. अन् नाव हातपंपाचं!"

मी धम्मदीपकडे पाहत होतो.  त्याच्या चेहऱ्यावर सुटका दिसेल असं मला वाटलं होतं. ती नव्हती. चढावर आईला पाठीवर घेऊन चढायची वेळ आपणच आणली, एवढंच त्याला कळलं होतं. तो जीपच्या मागे गेला आणि बराच वेळ तिकडेच राहिला.

रुखमाबाईंनी मला खुणेने थांबवलं. "राहू दे त्याले."

रंगरावांनी तार तापवली. भोक मोकळं केलं. मग आम्ही त्याच चढावर जीप पुन्हा पुन्हा चढवली आणि उतरवली. एकदाही झटका बसला नाही. तरी धम्मदीपची मान कलती ती कलतीच.

मी त्या दिवशी तिथेच राहिलो. सोमवारी सकाळी आम्ही निघालो. रुखमाबाई पुढे, मी मागे. त्यांचा श्वास मला मागून ऐकू येत होता. तो आदल्या दिवसापेक्षा आखूड होता. धम्मदीपने त्यांच्या मांडीवर लिंबू आणि पिशवी ठेवली होती. नाल्यात जीप डुचमळली आणि टाकीतल्या डिझेलचा वास आत भरला. मलासुद्धा मळमळलं.

डांबरी रस्त्याच्या बाजूचा चढ सुरू झाला. धम्मदीपने दांडा ओढला. चाकं दगडांना धरून चढू लागली. अर्ध्यावर रुखमाबाईंनी पिशवी तोंडाशी नेली. त्यांना उलटी झाली. मग आणखी एक. अंग गदगदत होतं.

धम्मदीपने रेसवरचा पाय काढला. इंजिनचा आवाज खाली आला. जीप मागे सरकेल की काय असं मला वाटलं.

"पाय काऊन काढला?" रुखमाबाईंनी पिशवीतून तोंड वर न करता विचारलं.

"माय, जरा थांबतो. तुले—"

"थांबू नको. उलटीनं मी मरत नाई. रेस दे."

"झाकणावर फडकं टाकू का?"

"हात लावू नको त्या झाकणाले! तिले श्वास घेऊ दे. माहं मी पाहून घेईन."

त्याने पाय दाबला. जीप गुरगुरली आणि वर आली. रुखमाबाईंनी तोंड पुसलं, लिंबू नाकाशी धरलं आणि डोळे मिटले. धाड मागे पडलं. बुलढाण्यापर्यंत आम्ही फक्त ऐकत होतो, इंजिनला आणि त्यांना.

दवाखान्यात त्यांना खुर्चीवर बसवून आत नेलं. वजन बरंच वाढलं होतं. सिस्टर म्हणाल्या, "वेळेवर आणलं हो." काचेतून मी नळ्या जोडताना पाहिल्या. मशीन फिरू लागलं. थोड्या वेळाने रुखमाबाईंचे खांदे जरा खाली आले.

मी धम्मदीपला सांगायला बाहेर आलो. तो जीपमध्ये बसला होता. इंजिन चालूच होतं. चौकीदार त्याच्याशी वाद घालत होता.

"भाऊ, बंद कर ना. धूर आत चालला."

"करतो ना."

"मघापासून करतो म्हणतो!"

"लागलं मशीन," मी म्हणालो. "बऱ्या आहेत त्या."

त्याने मान हलवली. चावीवर हात ठेवला. ठेवून राहिला. मग एकदाची फिरवली. एकदम शांत झालं. चौकीदार पुटपुटत निघून गेला.

धम्मदीपने स्टिअरिंगवर डोकं टेकलं. मला वाटलं तो झोपला. पण त्याचा एक कान इंजिनाकडेच होता.

"होईन ना बे चालू?" त्याने विचारलं. "तिले परत न्यायचं हाय."