आठवी आज्ञा

उर्शुले मावशी आमच्या गावच्या सामुदायिक गोठ्यात गाई दोहायची. तिचे हात आमच्या वडिलांच्या हातांपेक्षा रुंद होते. पहाटेपासून गाई, आणि बुधवारी शाळा सुटली की तिच्या स्वयंपाकघरात आम्ही नऊ पोरं. जूनमध्ये आमचा पहिला ख्रिस्तप्रसाद होता, चर्चमध्ये वेदीपुढे पहिल्यांदा पवित्र भाकर घ्यायचा विधी, त्याची ही तयारी.

लिथुआनियात तेव्हा सोव्हिएत राज्य होतं. आईबापांनी घरी आपल्या पोराला धर्म शिकवला तर सरकार कानाडोळा करायचं. पण दुसऱ्याची पोरं जमवून शिकवणं हा गुन्हा होता. आमचे फादर म्हातारे, आधीच पोलिसांच्या नजरेत. मावशी त्यांना म्हणाली होती, "मला नवरा नाही, पोरंबाळं नाहीत. मला धरून ते कुणाला छळणार?"

शेंगा सोलता सोलता ती शिकवायची. प्रार्थनेत 'आमची रोजची भाकर आज आम्हाला दे' ही ओळ आली की थांबायची. आमची म्हणजे कुणाची? मी म्हटलं, आमच्या घरची. "मग शेजारच्यांची कोण मागणार, त्यांची मांजर?" आम्ही हसायचो आणि ते डोक्यात बसायचं.

फेब्रुवारीत एका बुधवारी दार उघडलं. शाळेचे मुख्याध्यापक, जिल्ह्याच्या शिक्षण खात्याच्या एक बाई आणि एक पोलीस आत आले. इथे काय चाललंय, असं बाईंनी विचारलं.

"प्रार्थना शिकवतेय," मावशी म्हणाली. "बसा. अर्धी झालीय, पुरी करू द्या."

ते बसले नाहीत. आमची नावं लिहून घेतली, तिच्या हातानं लिहिलेले प्रार्थनेचे कागद उचलले. महिन्याभरात खटला उभा राहिला आणि साक्षीला आम्हा पोरांनाच बोलावणं आलं.

मावशीच्या वकिलानं तोड सुचवली : पोरांनी सांगायचं, आम्ही विणकाम शिकायला जात होतो. माझे वडील, कोस्तास, मला रोज तेच पढवायला लागले. हे मावशीच्या कानावर गेलं. ती गोठ्यातल्याच बुटांनी आमच्या घरात शिरली.

"कोस्तास, पोरीला काय शिकवतोयस?"

"तुझ्यासाठीच ना, उर्शुले. वर्षभर आत जाशील."

"जाईन. पण 'खोटी साक्ष देऊ नकोस' ही आठवी आज्ञा हिला मी शिकवली. आता माझी कातडी वाचवायला तीच मोडायला लावू? मग शिकवलं काय मी, कपाळ?" मग ती माझ्यापुढे वाकली. "विचारतील ते खरं सांग. घाबरलीस तरी चालेल."

मी घाबरलेच. कोर्टात टेबल माझ्या हनुवटीपर्यंत येत होतं. ती काय शिकवायची, असं न्यायाधीशांनी विचारलं. वडिलांकडे न बघता मी म्हटलं, प्रार्थना. कधी जबरदस्ती केली का? मी विचार केला आणि म्हटलं, एकदा. विश्वासांगीकार, म्हणजे 'मी देवावर विश्वास ठेवतो' ही लांबलचक प्रार्थना, पाठ होईपर्यंत घरी जायचं नाही म्हणाली होती. मागच्या बाकांवर खसखस पिकली. वडिलांनी तोंड झाकून घेतलं.

शेवटी मावशीला विचारलं गेलं, केल्याचा पश्चात्ताप होतो का.

"होतो," ती म्हणाली. "हिला विश्वासांगीकार अजून नीट येत नाही. तेवढं काम राहिलं."

एक वर्षाची सक्तमजुरी झाली. पोलिसांमधून चालत जाताना तिनं आम्हाला चारचौघांत क्रुसाची खूण केली. एकानं तिचा हात खाली ओढला. तिनं दुसऱ्या हातानं पुरी केली.

आता पोरांचं काय होणार, असं गाव कुजबुजत राहिलं. माझी आई मार्सेले मुळात भित्री बाई. दारावर थाप पडली तरी तिच्या हातातलं भांडं पडायचं. पुढच्याच बुधवारी तिनं इतर आयांना आपापली पोरं घेऊन आमच्या स्वयंपाकघरात बोलावलं. सात आया, नऊ पोरं. प्रत्येक आई आपल्याच पोराला शिकवत होती, फक्त एका खोलीत आणि एका सुरात.

जिल्ह्याच्या बाई तिथंही आल्या. आईनं एकेका पोराकडे बोट दाखवत सांगितलं, "ही माझी. तो तिचा. ते जुळे या बाईंचे. नीट मोजून घ्या. परक्याचं एक पोर सापडलं तर मला न्या."

बाईंनी खरंच मोजलं, आणि त्या निघून गेल्या. जूनमध्ये आम्ही नऊही जण वेदीपुढे गुडघे टेकून होतो.

पुढच्या वसंतात मावशी परतली, अर्धी झालेली. कैद्यांच्या छावणीत मजुरांचे हातमोजे शिवून तिची बोटं वाकडी झाली होती. गोठ्यात दूध काढायचं काम तिला परत दिलं नाही. शेण उचलायला लावलं. ती उचलत राहिली. शरद ऋतूत तिच्या स्वयंपाकघरात चौदा पोरं होती आणि भिंतीलगतच्या बाकावर त्यांच्या आया. त्यानंतर जिल्ह्याहून तिला दोनदा बोलावणं आलं. दोन्ही वेळा ती रविवारचा रुमाल डोक्याला बांधून गेली, आणि संध्याकाळच्या बसनं परत आली.