भूक खवळलेला वॉर्ड

कॅन्सरच्या वॉर्डात काम करते म्हटलं की समोरच्याचा चेहरा पडतो. "आणि तेही लहान मुलांच्या? कसं गं बघवतं तुला?" मग मी एखादा किस्सा सांगते. समोरचा हसतो, हसल्याबद्दल ओशाळतो, आणि हळूच म्हणतो, "अजून एक सांग ना!"

असे किस्से जमवावे लागत नाहीत हो. वॉर्डात डबा उघडला की भाजीच्या वासाबरोबर एक किस्सा बाहेर पडतोच. सगळेच हसण्यासारखे नसतात. ते मी सांगत नाही.

मी सांगलीतल्या एका हॉस्पिटलात आहारतज्ज्ञ आहे. म्हणजे कुणी काय खायचं ते मी सांगायचं आणि कुणीही ते ऐकायचं नाही, अशी नोकरी! ब्लड कॅन्सरच्या मुलांना सुरुवातीचे काही आठवडे केमोबरोबर स्टेरॉइडच्या गोळ्या असतात. त्या पोटात गेल्या की भूक खवळते. आत्ता जेवून उठलेलं पोर हात वाळायच्या आत विचारतं, "आता काय?" गाल फुगतात, पोट सुटतं, हातपाय मात्र काड्या. शुगर चढते, रक्तातली चरबी चढते. औषध रोगाशी भांडतं खरं, पण भांडता भांडता शरीराचा सगळा कारभार विस्कटून ठेवतं. आणि तो कारभार ताळ्यावर आणायला मी, हातात एक छापील तक्ता घेऊन!

तो तक्ता एकदा माण तालुक्यातल्या एका आईला वाचून दाखवला. तेल कमी, तूप कमी, साखर कमी, मीठ कमी. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मॅडम, समदंच कमी. ह्यात जास्त काय हाय का?"

"आहे की. पाणी भरपूर द्यायचं."

बाई म्हणाल्या, "ते आमच्याकडं टँकरनं येतं!"

*

साताऱ्याकडचे एक रिटायर्ड सुभेदार नातवाला घेऊन आले होते. नातू शौर्य, सहा वर्षांचा. त्याच्या रडण्यापुढं आई-बापाचा टिकाव लागेना, म्हणून डब्याचा ताबा सुभेदारांनी स्वतःकडं घेतला.

"तुमी काळजीच सोडा, मॅडम. बर्फात पोस्ट सांभाळलीय आपण. डबा काय चीज हाय!"

स्टीलचा डबा मांडीवर घेऊन ते ताठ बसले. शौर्य रडला. परिणाम शून्य. त्यानं खेळण्यातली जीप फेकून मारली. सुभेदारांनी ती झेलली! मग शौर्य भिंतीकडं तोंड करून आडवा झाला आणि बारीक आवाजात म्हणाला, "आजोबा, शत्रूचा सैनिक पकडला की त्याला उपाशी ठेवतात का हो?"

सुभेदार खिडकीबाहेर बघायला लागले.

दुसऱ्या दिवशी राउंडला शुगर चढलेली. डॉक्टर वैतागले, "डब्यापाशी होतं कोण?"

सुभेदार खाडकन उठून सावधानमध्ये उभे राहिले.

"साहेब, पोस्ट पडली!"

*

या फुगलेल्या गालांनी आम्हाला फार छळलंय. बघायला येणारी माणसं तोंडाला पदर लावून, रडायच्या तयारीनं येतात. बघतात तर पोर टम्म! मग त्यांना फसवणूक झाल्यासारखं वाटतं.

तन्वी नावाची चार वर्षांची मुलगी होती. तिला बघायला एक लांबच्या आत्या आल्या. "अगं बाई, किती गुटगुटीत झालीय! कुठला आजार नि कुठलं काय!"

तन्वीची आई सुजाता पलीकडं कपड्यांच्या घड्या घालत होती. आठवडाभर ती हेच ऐकत होती.

आत्यांनी मला बाजूला घेतलं. "आवं मॅडम, ती भुकेची गोळी कुठली हो? आमचा नातू काय खातच न्हाई. काडी झालाय नुसता. मला चार लिहून द्या की!"

मी तोंड उघडायच्या आत मागनं सुजाताचा आवाज आला.

"न्या की आत्या. पण सुटी मिळत नाही ती. पाठीत सुई, गळ्यात नळी आणि डोक्याचा गोटा, असा सगळा सेटच घ्यावा लागतो!"

आत्या चहाला थांबल्या नाहीत.

*

सांगलीतल्याच एका जैन व्यापाऱ्यांचा नातू, पार्श्व. घरात सूर्यास्तानंतर कुणी अन्नाला शिवत नाही. "आजारी लेकराला नियम नाही रे बाळा," असं घरच्यांनी सतरांदा सांगितलं. पण पार्श्वला सूट नको होती. त्याला अगदी आजोबांसारखंच करायचं होतं! आणि स्टेरॉइडची भूक नेमकी अंधार पडला की उसळायची. पोर पोट धरून बसायचं, पण घासाला हात लावायचं नाही.

एके दिवशी आजोबांनी खिडकीशी खुर्ची ओढली. समोर शेजारच्या बिल्डिंगची भिंत.

"पार्श्व, जेवून घे. सूर्य अजून आहे."

"कुठाय?"

"त्या बिल्डिंगच्या मागं. आपल्याला दिसत नाही म्हणजे बुडला असं होतं का?"

पोर जेवायला बसलं. इतक्यात आमच्या सिस्टर औषध द्यायला आल्या आणि बोलून गेल्या, "अहो आजोबा, रस्त्यावरचे लाईट लागलेत की!"

पार्श्वचा घास हातातच थांबला.

आजोबांनी मान वर न करता सांगितलं, "आज वायरमन लवकर आलाय. तू जेव."

त्यांनी स्वतः मात्र सकाळपर्यंत काही खाल्लं नाही.

*

एका पुढाऱ्यांना वाढदिवस आमच्या वॉर्डात साजरा करायची हुक्की आली. टेबलाएवढा केक, चार कार्यकर्ते, दोन फोटोग्राफर. सिस्टरांनी दारातच मास्क दिला. साहेबांनी तो हनुवटीला लावला. फोटोत तोंड दिसायला नको?

केक कापला. पहिला तुकडा उचलून साहेब एका मुलाकडं वळले. मी आडवी गेले. "याची शुगर वाढलीय." दुसरीकडं वळले. "हिच्या रक्तात चरबी." तिसऱ्याच्या पांढऱ्या पेशी कमी, बाहेरचं पूर्ण बंद. चौथ्याला केकच्या वासानंच उलटी झाली, तीही साहेबांच्या बुटापासून वीतभर अंतरावर.

कार्यकर्ता चिडला. "अहो बाई, मग केक चालतो कुणाला?"

तुकडा तसाच हातात. साहेबांनी प्रसंग ओळखून तो स्वतःच्या तोंडाकडं नेला, तर त्यांचा पीए धावत पुढं आला.

"साहेब, तुमची पण शुगर!"

फोटो निघाले आणि केक आला तसा जिन्यानं खाली गेला. कोपऱ्यातल्या कॉटवरच्या मुलीनं गंभीरपणे विचारलं, "सिस्टर, तो दुकानाच्या काचेत ठेवतात तसला खोटा केक होता का?"

*

कऱ्हाडकडच्या संपतरावांच्या घरी म्हशी. त्यांची मुलगी समृद्धी वॉर्डात होती. एका सकाळी लॅबमधून फोन आला.

"मॅडम, तुम्ही रक्त पाठवलंय का दूध?"

कधी कधी होतं असं. केमोतलं एक इंजेक्शन आणि स्टेरॉइड एकत्र आले की रक्तात चरबी इतकी साठते की नळीत वरचा थर पांढराफेक दिसतो. डॉक्टरांनी संपतरावांना नळी दाखवली आणि समजावून सांगितलं. स्वादुपिंडाला धोका आहे, काही दिवस तेल-तूप बंद, रोज तपासू.

संपतराव नळीकडं बघत राहिले. चेहरा पांढरा पडलेला. शेवटी म्हणाले, "फॅट किती लागली म्हणायची, साहेब?"

कुणी हसलं नाही. डॉक्टरांनी आकडा सांगितला.

मग रोज सकाळी लॅबच्या दारात त्यांचा एकच प्रश्न. "आज किती लागली?" आयुष्यभर डेअरीच्या दारात दुधाची फॅट चढावी, भाव मिळावा म्हणून हात जोडलेला माणूस, आता ती उतरावी म्हणून हात जोडून उभा! उकडलेल्या भाज्या खाऊन समृद्धी त्यांच्याशी बोलायची बंद झाली होती. पण हळूहळू आकडा खाली येत गेला आणि एक दिवस डॉक्टर म्हणाले, "आता भीती नाही."

संपतरावांनी व्हरांड्यातूनच घरी भावाला फोन लावला. रडत होते, ओरडत होते. "फॅट उतरली रं! उतरली! लय उतरली!"

पलीकडचा आवाज आम्हाला सगळ्यांना ऐकू आला.

"दादा, आईची आण! म्या म्हशीस्नी सरकी-पेंड रोजच्याएवढीच घालतोय!"

*

आणि हा कुंडलचा आदित्य. स्टेरॉइडचा काळ संपला तशी त्याची भूक गेली ती गेलीच. तोंडाची चव गेलेली, सगळ्याला लोखंडाचा वास. त्याची आई सुप्रिया ताट घेऊन कॉटभोवती फिरायची. एक घास गेला तर तिचा दिवस चांगला.

पुढं आजार ताब्यात आला. तो घरी गेला, गोळ्यांवर आला, अधूनमधून तपासणीला यायचा. पण घरातली माणसं भेदरलेलीच. आजार कळल्यापासून त्याला कुणी मोठ्यानं बोललंसुद्धा नव्हतं. त्यानं काकाचा मोबाइल पाण्याच्या बादलीत टाकला, तर काका म्हणाला, "असू दे, जुनाच होता!" तो नवा होता. थोरल्या भावाला मात्र त्याच घरात उठता-बसता मार.

परवा आदित्य आणि आई दोघं तपासणीला आली. वजन भरलेलं, केस आलेले. मी नेहमीसारखं विचारलं, "काय आदी, काल दिवसभरात काय काय खाल्लंस?"

"सकाळी दूध-भाकरी. दुपारी आमटी-भात. संध्याकाळी धपाटा."

मी खूश. "अरे वा! किती?"

"एकच."

"तेल किती होतं रे त्याला?"

सुप्रिया लालेलाल झाली. "आवं मॅडम, त्यो खायाचा न्हवं! ह्यानं काल शेजारच्या पोराच्या अंगावर चिखल वतला. ध्यानातच न्हाई ऱ्हायलं, रागात पाठीत बसला माझा हात. समदं घर गप झालं बघा. मला तर रातभर झोप न्हाई." तिनं आदीच्या पाठीवरनं हात फिरवला.

मी आदीकडं वळले. "लागलं का रे?"

त्यानं छाती पुढं काढली.

"दादाला रोज असतो. मला पहिलाच!" आणि मला नीट कळलं नसेल असं वाटून वर म्हणाला, "आईच्या हातचा!"